मामांना सांबराचं ऐकू येतं

मी जन्मात एकदाच शिकारीला गेलो, आणि गेलो तो कानात अत्तराचा फाया ठेवून.

त्यात माझा फारसा दोष नव्हता. नुकतीच दिवाळी झाली होती. भाऊबीजेला आलेल्या मेहुण्यानं हिन्याची कुपी मागे ठेवली होती आणि चार माणसांत जायचं म्हटलं की फाया ठेवायची मला सवय. सांबर हे माणसांत मोडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. पेठच्या सर्व्हिस मोटारीत शेजारी बसलेल्या मामांनी दोनदा नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, वरात कुठं आहे?"

मोटार पाण्यासाठी ओढ्यावर थांबली तेव्हा त्यांनी मला खाली उतरवलं आणि माझे दोन्ही कान चिखलानं घासून काढले. सगळी मोटार बघत होती. वीस वर्षांत मी ज्या पोरांचे कान पिळले, त्या सगळ्यांना त्या दिवशी न्याय मिळाला.

मामा म्हणजे गोविंदमामा तांबट. नात्यानं कुणाचेच मामा नव्हेत, पण आळीत सगळे त्यांना मामा म्हणत. आमची आणि त्यांची घरं पाठीला पाठ लावून उभी होती, मधे एकच भिंत. वयाच्या आठव्या वर्षापासून ते तांबं ठोकत होते. हंडे, घंगाळं, बंब. आमच्या आळीत दिवसभर असा आवाज चाले की नवा माणूस घरात पाऊल टाकताच आधी कानांवर हात ठेवी आणि मग नमस्कार करी. पन्नास वर्षं तो आवाज पोटात घेऊन मामांचे कान कामातून गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर खांद्याला हात लावायचा, समोर तोंड करायचं आणि सावकाश बोलायचं. ते ओठ बघून उत्तर देत. पण बहिरे म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"माझे कान शाबूत आहेत," ते म्हणत. "माणसं पुटपुटतात."

आळीतल्या चाळीस घरांतली माणसं पुटपुटतात आणि पेठच्या डोंगरातलं सांबर मात्र स्पष्ट बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "मला सांबराचं ऐकू येतं," हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यावर हसणंही आम्ही सोडून दिलं होतं.

दरवर्षी कार्तिकात, सांबराचे नर माजावर येतात तेव्हा, मामा तिरकमठा घेऊन त्या डोंगरात जात. बंदूक का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, "बंदुकीच्या बारानं कान जातात."

आश्विन लागला की त्यांची तयारी सुरू होई. साबण बंद, सुगंधी तेल बंद, विडा बंद. नरकचतुर्दशीला उटणं नाही. पहाटे अभ्यंगस्नान केलं नाही तर माणूस नरकात जातो, असं माझ्या आईनं त्यांना समोर उभं राहून बजावलं, तर म्हणाले, "जाईन की काकू. तिथं वाऱ्याची दिशा तरी बघावी लागत नाही." कारण त्या महिन्यात ते भट्टीतली राख खिशात बाळगीत. रस्त्यात कुणी भेटलं की चिमूटभर राख हवेत सोडत, ती कुठं जाते ते पाहत आणि समोरच्याला धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करीत. मग विचारीत, "हं, काय म्हणता?" आमचे हेडमास्तर एकदा असे तीन वेळा फिरवले गेले आणि शेवटी काय विचारायचं होतं तेच विसरले.

आणि ती नळी. मादीचा आवाज काढून नराला बोलावण्यासाठी मामांनी तांब्याच्या पत्र्याची करंगळीएवढी नळी स्वतः ठोकून केली होती. तिचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसावा. ते ती दातांत धरत आणि हाडातून कळतं म्हणत. संध्याकाळी हातोड्या थांबल्या, आळी एकदम मुकी झाली, की मामा ओट्यावर येऊन नळी वाजवून बघत. साठीला टेकलेला माणूस सांबरीच्या आवाजात नराला साद घालतोय, यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण कुणी हसत नसे. तो आवाज बाईचा नव्हता आणि जनावराचाही नव्हता. कुणीतरी बंद दारामागून, धीर सुटत चाललेला असताना, पुन्हा एकदा विचारावं, तसा होता. आळीतली कुत्री भुंकत नसत. ती उठून उभी राहत आणि सगळी एकाच दिशेला, पश्चिमेकडे बघत. समोरच्या आजी दार लावून घेत. मी दिव्याची वात उगाचच मोठी करी.

इतक्या वर्षांत त्यांनी एकही सांबर मारलं नव्हतं. परत आले की लोक विचारत, "काय मामा, पडलं?" मामा बूट काढता काढता म्हणत, "बोललं." एवढंच. आणि त्यांचा चेहरा असा उजळलेला असे की पुढं विचारायचं कुणाला सुचत नसे.

त्यामागचं कारण आळीला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, मामी गेल्या. बरेच दिवस मागच्या खोलीत पडून होत्या. मामा पुढच्या पडवीत घंगाळ ठोकत होते. दुपारी आत गेले तेव्हा सगळं संपलेलं होतं. मामींचा एक हात अंथरुणाबाहेर होता. दहाव्याला कुणीतरी म्हातारी हळहळली, "हाक मारली असेल हो बिचारीनं." मामांनी नेमके तिचे ओठ पाहिले. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मारली असती तर मला ऐकू आली असती. मला पेठच्या रानात सांबराचं ऐकू येतं."

तोवर हंडे विकायला त्या डोंगरातून जात तेवढंच, पण त्या वर्षी ते तेराव्यानंतर तडक शिकारीला गेले. तेव्हापासून एकही कार्तिक चुकला नाही. सांबर बोललं आणि ते आपल्याला ऐकू आलं, एवढं वर्षातून एकदा त्यांना लागत असे.

तिकडं लहानू गावित नावाचा कोकणा जमातीचा गडी त्यांच्यासोबत बसे. त्यानंच त्यांना तिरकमठा शिकवला होता. मी गेलो त्या वर्षी लहानूच्या पायावर कुऱ्हाड पडल्याचा निरोप आला. मामांनी आळीभर विचारलं, कुणी तयार होईना. मी तयार झालो तो धाडसानं नव्हे. मामांनी मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करून विचारलं आणि मी "बघू" म्हणालो, ते त्यांनी "येऊ" असं वाचलं असावं.

"या नाशकात हरणामागे गेलेल्या नवऱ्याच्या घरी काय होतं, ते मी सांगायला नको," आमची ही दशम्या बांधता बांधता म्हणाली.

"अगं, हरीण नव्हे. सांबर आहे."

"जनावर बदललं म्हणून बाईचं नशीब बदलत नाही."

लहानूच्या पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तो पाय बांधून दारात बसला होता. मामा ओढ्यावर तोंड धुवायला गेले तसं त्यानं मला जवळ बोलावलं.

"मास्तर, एक सांगतो. कुनाला बोलू नका. सांबर बोललं का मी मामांच्या गुडघ्याला गुडघा लावतो. हळूच. मंग ते म्हनतात, बोललं."

"म्हणजे त्यांना..."

"सात वरसं झाली. पहिल्या सालीच मला समजलं, यांना नाय येत ऐकू. तवा गुडघा लावला. त्यांना वाटतं कानानं आलं."

"आणि त्यांना कळत नाही?"

लहानू ओढ्याकडे बघत राहिला. "कळत असंल. नसंल. मी इचारलं नाय. तुमी फकस्त गुडघा लावा. इसरू नका."

मुलांना पाढे विसरलात म्हणून उभं करणारा माणूस मी. मला वाटलं, एवढं तर जमेल.

पहाट फुटायच्या सुमारास आम्ही डबक्याजवळ झुडपात बसलो. धुकं इतकं होतं की माझेच पाय मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. डबक्यातला चिखल नुकताच तुडवलेला होता. माजावरचा नर त्यात लोळतो, तो वास नाकात बसला की निघत नाही. शेजारच्या सागाची साल माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत शिंगांनी सोललेली होती आणि आतलं लाकूड ओलं दिसत होतं. मधूनच सागाचं एखादं पान गळे आणि जमिनीवर असं वाजे की कुणी पाऊल ठेवलं. मग पुढचं पाऊल पडायची वाट बघायची. ते पडत नसे.

मामांनी तीर जोडून तिरकमठा मांडीवर घेतला, नळी दातांत धरली आणि साद घातली.

बराच वेळ काही नाही. मग दरीच्या पलीकडून उत्तर आलं. फुटक्या घंगाळावर कुणी लाकडी मोगरी मारावी तसा आवाज, एकदाच. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, पण गुडघा जागेवर होता. मी तो मामांच्या गुडघ्याला लावला.

"बोललं," मामा पुटपुटले. आणि इतके सुंदर हसले की मला त्या क्षणी लहानूच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी पुन्हा साद घातली. मग पुन्हा. धुक्यात दिशा कळत नव्हती. काहीतरी आमच्याभोवती फिरत होतं, असं मला वाटत होतं, कारण पानं वाजत होती ती कधी उजवीकडे, कधी मागे. मग वाजायची थांबली. मी मान वळवली.

ते मामांच्या मागे उभं होतं. दहा पावलांवर. धुक्यातून आधी शिंगं दिसली, मग ओला, काळा गळा, मग डोळे. अंगावरून चिखल ठिबकत होता. त्यानं तोंड उघडलं आणि बोललं. तो आवाज मला कानांनी ऐकू आला नाहीच, छातीत ऐकू आला. आणि मी, महाशय, दगड झालो. गुडघा, जीभ, काहीही माझं राहिलं नाही.

मामा डबक्याकडेच बघत होते. ते पुन्हा बोललं. मामांनी शांतपणे नळीवरची थुंकी पुसली. मग मला काही विचारायचं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा पाहिला. माझी नजर कुठं आहे ते पाहिलं. हळूहळू वळले.

सांबर तिसऱ्यांदा बोललं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर. त्याचा गळा फुगला, तोंड उघडलं, वाफ बाहेर आली. माझे कान फाटत होते. मामा त्या उघड्या तोंडाकडे बघत होते, आळीतल्या कुणा माणसाचे ओठ वाचावेत तसे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

मग त्यांनी खाली, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

सांबर कधी गेलं ते मी पाहिलं नाही. फांद्या मोडल्याचा आवाज आला, तो लांबत गेला. मामांनी जोडलेला तीर काढून भात्यात ठेवला, तिरकमठ्याची दोरी उतरवली आणि नळी कोटाच्या आतल्या खिशात घातली. लहानूच्या दारावरून जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लहानूनं माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

मोटार नाशिकजवळ आली तेव्हा ते माझ्याकडे तोंड करून बसले.

"मास्तर, आवाज मोठा होता?"

"मोठा होता, मामा."

"माझ्या पाठीशी होता ना?"

"हो."

"मधल्या दाराआडून ऐकू आला असता?"

मी तोंड दुसरीकडे वळवलं. मी काय म्हणालो ते त्यांना वाचता येऊ नये म्हणून. खरं म्हणजे मी काहीच म्हणालो नव्हतो. मामांनी मान हलवली, ऐकल्यासारखी.

घरी आलो. हात-पाय धुऊन पाटावर बसलो आणि वाढता वाढता हिला सगळं सांगितलं, चिखलानं कान घासल्यापासून दाराआडच्या प्रश्नापर्यंत. कानांपाशी ती हसली. पुढं हसली नाही. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"म्हणजे आता ते धरून चालणार," मी म्हणालो, "की मामींनी हाक मारली आणि आपल्याला ऐकू आली नाही."

हिनं आमच्या दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहिलं.

"मामी त्यांना हाक मारतच नसत," ती म्हणाली. "मामांना ऐकू येत नाही हे मामींना कधीचंच माहीत होतं. उशाशी फुलपात्र असायचं, ते या भिंतीवर वाजवायच्या. मग मी पुढच्या दारानं जाऊन मामांच्या खांद्याला हात लावायची. त्या दिवशी वाजलं होतं हो. दोनदा वाजलं. मी अनरसे तळत होते. म्हटलं, एवढा घाणा काढते आणि जाते."