अवनीच्या पासपोर्टाचं प्रस्थान

“प्रस्थान ठेवताना हात आखडू नये, लीला. जिच्यावाचून प्रवास अडेल, अशीच वस्तू ठेवावी.”

सासूबाईंचं हे सांगणं मी चाळीस वर्षं पाळत आले. म्हणूनच काशीतल्या आमच्या घरातून परगावी गेलेलं एकही माणूस आजवर वाटेत अडलं नाही, चुकलं नाही की उपाशी राहिलं नाही. हे मी थोड्या अभिमानाने सांगते. देवाने तो अभिमान फार दिवस टिकू दिला नाही, ते पुढे येईलच!

प्रस्थान म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसला, की आदल्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एक वस्तू अक्षता-सुपारीबरोबर पिवळ्या फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. निघताना प्रवाशाने ती स्वतः उचलायची आणि तिथून माघारी घरी यायचं नाही.

आमची नात अवनी अकरावीत आहे. ती शाळेच्या पाच मुलांबरोबर बँकॉकला निघाली होती. तिथे म्हणे जगभरातली मुलं एकेका देशाचे राजदूत होऊन बसतात, भांडतात, ठराव मांडतात. अवनीच्या वाट्याला हंगेरी आली होती. सहा महिने पोरीने हंगेरीशिवाय दुसरं काही बोलू नये! मी वाटली डाळ वाढली तरी ती विचारायची, हंगेरीत हरभरा होतो का.

आता अडचण बघा. विमान शनिवारचं, बँकॉक पूर्वेला आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणंच वर्ज्य. मुलाला, निमिषला हे सांगितलं, तर तो म्हणाला की विमानाची दिशा वैमानिक बघेल. तो बँकेत आहे. बँकेतल्या माणसांना पंचांगातलं सुट्ट्यांचं पान तेवढं कळतं.

मग मी वाद घातला नाही. शुक्रवारी दुपारी गुपचूप गंगेपलीकडे रामनगरला गेले आणि माझी मैत्रीण शरदिनी हिच्या देवघरात अवनीचं प्रस्थान ठेवून आले. जिच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू कोणती? मी फार विचार केला. चपला? त्या बँकॉकलाही मिळतात. चष्मा? तो तिच्या नाकावर. शेवटी कपाटातल्या फायलीतून पासपोर्ट काढला. सासूबाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती!

शनिवारी सकाळी साडेआठला फाईल उघडली गेली आणि घरात भूकंप झाला. गाद्या उलट्या झाल्या, तांदळाचा डबा उपडा झाला, निमिष पलंगाखाली शिरला तो तिथेच अडकला. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलणार कशी? चातुर्मासात सकाळी दहापर्यंत माझं मौन असतं. मौनात लिहायचंही नाही, असा आमचा कडक नियम. आणि नातीच्या प्रवासाच्या दिवशीच व्रत मोडून तिला अपशकुन करू?

मी खुणा केल्या. गाठोडं बांधल्याची, नमस्काराची, मग खिडकीतून दिसणाऱ्या गंगेकडे बोट.

निमिष पलंगाखालून अर्धा बाहेर आला आणि पांढरा पडला. “गंगेत सोडलास? आई, तू पासपोर्ट गंगेत सोडलास?”

त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. गेल्या वर्षी जुन्या पंचांगांबरोबर त्याची विम्याची पावती गंगार्पण झाली होती. मी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली, त्याला ते हो वाटलं. तो आणखी घाबरला.

अवनीने मात्र बापाला हाताने गप्प केलं आणि माझ्यासमोर बसली. “आजी, नदीत की नदीपलीकडे?”

मी पलीकडे बोट लांबवलं.

“शरदिनी आजींकडे?”

मला रडूच आलं. हंगेरी सुरक्षित हातात होती!

निमिषने शरदिनीला फोन लावला. तिने उचलला, पण पलीकडून चकार शब्द येईना. येणार कुठून? मौन आम्ही दोघींनी मिळून घेतलं होतं! निमिष हॅलो हॅलो करून घसा फोडत होता. शेवटी अवनीने फोन घेतला आणि अगदी परिषदेतल्या आवाजात विनंती केली, “आजी, हो असेल तर फोनवर एकदा टिचकी मारा, नसेल तर दोनदा. पासपोर्ट तुमच्याकडे आहे?”

एक टिचकी.

“तुम्ही तो पुलापर्यंत आणून द्याल?”

दोन टिचक्या. थोड्या रागीटच. प्रस्थान प्रवाशाने स्वतः उचलायचं असतं, एवढं कळत नाही का, असा त्यांचा अर्थ मला इकडे बसून कळला.

मग काय! विमानतळ वायव्येला आणि आम्ही सगळे बॅगेसकट आग्नेयेला. शरदिनी दारातच उभी होती. अवनीने गाठोडं उचललं, पाया पडली, मी मैत्रिणीला डोळ्यांनीच निरोप दिला. गाडी हायवेला लागली आणि दहा वाजले. निमिष वळून माझ्याकडे बघू लागला. आता आई काय सांगते, म्हणून ड्रायव्हरनेही गाणी बंद केली.

मी म्हटलं, “अवनी, हातावर दही-साखर घालायची राहिली गं.”

निमिषने कपाळ दाराच्या काचेवर टेकवलं, ते तसंच ठेवलं.

पुढे ट्रकांची रांग लागली. वीस मिनिटं गाडी जागची हलेना. अवनी पिवळं फडकं मुठीत धरून बसली होती. आता तिच्या तोंडून हंगेरीही येत नव्हती. तेव्हा निमिषचे ओठ हलताना मला दिसले. तो पुटपुटत होता, “मारुतीराया, पोरगी विमानात बसू दे. पाच शनिवार पायी येईन संकटमोचनला. अनवाणी.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना आम्ही पोहोचलो. मुलांना घेऊन जाणाऱ्या शाळेच्या मालविका मॅडम दारातच येरझाऱ्या घालत होत्या. त्यांनी अवनीला जवळजवळ ओढतच आत नेलं. काचेपलीकडून पोरीने हात हलवला आणि माझा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. हंगेरीचा ठराव चार मतांनी पडला. पण ब्राझीलशी तिची चांगली गट्टी जमली होती आणि ती खुशीत होती. निमिषला मी विचारलं, झालं ना सगळं नीट? तो म्हणाला, “नीट झालं ते वेळेत पोहोचलो म्हणून. तुझ्या दिशांचं काही सांगू नकोस मला.”

बरं, म्हटलं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे पहाटे फुलं वेचत होते. जिन्यावर कुणीतरी चोरपावलांनी उतरत होतं. निमिष होता. अंघोळ करून, ओल्या केसांनी, एका हातात चमेलीच्या तेलाची बाटली. दारापाशी त्याने चपलांकडे एकदा पाहिलं, त्या पायाने बाजूला सारल्या, कडी अजिबात न वाजवता उघडली आणि गल्लीत उतरला.

मी पारिजातकाआड जरा आणखी वाकले.