हत्तीखान्यातील गजराजाची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. ज्यांचे मुख हत्तीचे त्यांस आधी दंडवत, कारण पुढील हकीकतही हत्तीचीच, आणि हत्ती तीत होता की नव्हता हे लिहिणारास अद्याप उमगले नाही. शके १७१४, परिधावी नाम संवत्सरी, कोणे एके संस्थानी सरकारवाड्यामागे आमराईच्या कडेस हत्तीखाना उभा होता. थोरल्या दरबारातून हत्ती बक्षीस येणार, असे कळताच सरकारांचे आजे हर्षून गेले आणि हत्तीआधी इमारतच सिद्ध केली. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, अंबारीसुद्धा हत्ती जावा एवढी कमान, उतरती फरसबंदी आणि मध्ये दगडी खुंट. मग इमारत झाली आणि हत्ती काही आला नाही! लोक हसतील, अब्रू जाईल, म्हणून आजेसाहेबांनी कमानीस दारे लाविली, माहूत नेमिला आणि आज्ञा केली, की रोज सांजेस खुंटापुढे गूळरोटी ठेवावी आणि बाहेर येऊन 'गजराज सुखरूप' अशी ललकारी द्यावी. त्या माहुताचा नातू हैबती. त्याने जन्मात हत्ती पाहिला नाही, परंतु वतन चाले ते त्या ललकारीवर. आणि गूळरोटी पोरे खात असली तरी खुंटाशी दोन शब्द बोलल्याविना त्यास घास उतरत नसे.

तो एके सांजेस दरबारचे वकील विसाजीपंत खराच हत्ती घेऊन दाखल जाहले, आणि संगे त्याचा माहूतही. सरकार सुभानराव धावत आले. हैबतीची मती गुंग! हत्तीचे तोंड कोणते, शेपूट कोणते, काही कळेना; कळले एवढेच, की आता आपले वतन बुडाले. "दार उघडा," वकील म्हणाले, आणि हैबतीच्या तोंडून सवयीने गेले, "गजराज सुखरूप!"

"आत कोण आहे?"

"आमचा हत्ती, महाराज. तिसरी पिढी सांभाळतो."

"अहो सरकार, हत्ती ज्यापाशी नाही त्यासच द्यावा, असा हुकूम आहे!"

सरकार घामाघूम जाहले. नाही म्हणावे तर आजे खोटे पडतात, आणि आहे म्हणावे तर दारचा हत्ती जातो. मग खाकरून म्हणाले, "आहे. जरा म्हातारा झाला आहे, निजला असेल."

वकील हत्ती घेऊन पुढल्या संस्थानी गेले. सरकार दात खात हैबतीकडे वळले, "मेल्या, काय केलेस हे!" आणि मग हळूच बोलले, "उद्यापासून रोटी मऊ करीत जा. म्हातारा म्हणालो ना मी."

हैबती आत गेला आणि खुंटास मिठी मारून रडला. "बाबा, तू होतास म्हणून वाचलो रे."

येणेप्रमाणे आला तो हत्ती गेला, आणि कधी आलाच नाही तो राहिला. इति.