सातचे सहा

जेवणाच्या टेबलाशी संशोधक डोक्याला हात लावून बसले होते. अकरा वाजता त्यांचं विभागात व्याख्यान होतं आणि त्यावरच नोकरी कायम होणार की जाणार हे ठरायचं होतं. आणि नेमके आजच, सहा यायला हवेत तिथे सात येत होते.

निरोप वाटेत बिघडला तरी दुरुस्त करता यावा म्हणून त्याला जादा अंक जोडतात. ते जोडण्याची रीत म्हणजे कोड. संशोधकांचे कोड मागचे अंक ध्यानात ठेवून पुढे चालणारे, वाहते. शून्य-एक अंकांच्या ओळीत जितके एक, तितकं तिचं वजन, आणि कुठल्या वजनाच्या किती ओळी याची यादी करायची. प्रत्येक कोडला एक जोडीदार कोड असतो. विभागप्रमुखांचा गाजलेला नियम असा, की दोन कोडच्या याद्या सारख्या असल्या तर त्यांच्या जोडीदारांच्याही सारख्याच. साहेब खूश होतील म्हणून संशोधकांनी त्याच नियमाचं उदाहरण निवडलं होतं. पण मूळ याद्या जुळूनही पाच वजनाच्या ओळी एका जोडीदाराकडे सहा निघाल्या, दुसऱ्याकडे सात.

सासूबाई निवृत्त गणित शिक्षिका. कोड कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मोजायला त्याची गरजही नव्हती. कागद ओढून घेऊन त्यांनी दोनदा मोजलं.

"सातच आहेत."

"आई, सात असून चालणार नाही."

"चालो न चालो, आहेत सात."

सासूबाईंची पाठ वळताच संशोधकांनी नवा कागद घेऊन सातचे सहा केले. मग बेरीज एकाने कमी भरली, म्हणून शेजारचा आकडा वाढवला. त्याने खालची बेरीज बिघडली, म्हणून तिथेही हात चालवला. जगाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांनी पाऊण तासात एका बरोबर आकड्याची पुरती वाट लावली आणि कागद बॅगेत टाकून ते अंघोळीला गेले.

व्याख्यानात त्यांनी न पाहताच ऐटीत कागद पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवला. पडद्यावर भलामोठा सात उमटला. शेजारी वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'चुकीचा कागद घेऊन निघाला होतात. बदलला आहे.'

सगळ्या खोलीने ती वाचली. प्रमुख खुर्चीत सरळ झाले.

"हे सात बरोबर आहेत?"

लिहिण्यात चूक झाली म्हणावं, तर चिठ्ठी समोर. नोकरी हातची गेलीच, असं संशोधकांना वाटलं.

"बरोबर आहेत, सर. दोनदा मोजलेत."

"म्हणजे माझा नियम वाहत्या कोडना लागू पडत नाही."

"नाही पडत."

प्रमुखांनी कागद मागवला, बोट ठेवत ओळ न् ओळ स्वतः मोजली आणि संशोधकांना बाहेर बोलावलं.

"चिठ्ठी कोणाची?"

"सासूबाईंची."

"नोकरी कायम समजा." प्रमुखांनी आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बावीस वर्षांपूर्वी मलाही सातच आले होते. पण तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं."