दस्तगीरचाचांच्या अकरा गाद्या

दस्तगीरचाचांच्या घरात अकरा गाद्या अशा होत्या की त्यांवर माणूस कधी झोपला नाही. जेमतेम सव्वा वीत लांब आणि तेवढ्याच रुंद. खोळ धुतलेल्या मांजरपाटाची, आत हातानं वेचून दोनदा पिंजलेला कापूस. प्रत्येक गादीला तिची स्वतंत्र दुलई, आणि गादी-दुलईच्या मध्ये गाण्याची एकेक तबकडी निजलेली. चाचा स्वतः घोंगडीवर झोपत.

एकदा माझे सासरे आमच्याकडं आले होते. त्यांनी चाचांच्या खोलीत ओळीनं मांडलेल्या त्या गाद्या पाहिल्या आणि आपुलकीनं विचारलं, "घरात कुणाचं बाळंतपण आहे वाटतं?"

"न्हाय जी," चाचा छाती काढून म्हणाले, "पण पोरं अकरा हायत. सगळी गुणी. एकबी रडत न्हाय."

असला शेजार निवडला म्हणून सासरे पुढं दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत होते.

चाचा धंद्यानं पिंजारी. उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांची एक खोली होती आणि तिला चिकटून माझी भाड्याची. मी सरकारी मदरशात मास्तर. राज्य निजामाचं, त्यामुळं घरी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या पोरांना दिवसभर उर्दूतून भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी जिभेला विश्रांती म्हणून चाचांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हा माझा क्रम. भिंतीपलीकडं सकाळपासून त्यांचं पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं तातीचं धनुष्य, सुरू होई. टंव, टंव, टंव. एकदा मी सहज म्हटलं, "चाचा, आज लवकर लागलात कामाला." तर एकदम ओशाळले.

"तात उतरलीया, मास्तर. सुरात न्हाय. तुम्हाला तरास झाला असंल."

पिंजणाची तात ते तंबोऱ्याच्या तारेसारखी लावून घेत, मगच कापसाला हात घालत. बेसूर पिंजलेल्या कापसाची गादी टोचते, असं त्यांचं ठाम मत होतं. मी स्वतःला गाण्यातला मोठा दर्दी समजत असे, पण त्या खोलीत माझं दर्दीपण कुणी विचारत नव्हतं.

आता खरी गंमत सांगतो. तबकड्या अकरा होत्या, पण चाचांच्या घरी त्या वाजवायला फोनो नव्हता.

"मग ऐकता कधी?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

"ऐकाय कशाला? ठेवाय आनल्यात."

"गाणं ठेवून काय करायचं?"

"सुईला दात असत्यात, मास्तर," चाचा शांतपणे म्हणाले. "दर खेपेला थोडं गानं खाती."

हे त्यांचं आवडतं वाक्य. तबकडीला जितक्या वेळा सुई लागली असेल तितके लाल दोऱ्याचे टाके ते तिच्या गादीच्या कोपऱ्यात घालून ठेवत. जुन्या बाजारातून आणलेली तबकडी असली तर ती उजेडात तिरकी धरून, एक डोळा मिटून, तिनं किती सोसलंय याचा अंदाज घेत आणि हळहळत टाके घालायला बसत. एकीच्या कोपऱ्यात तर टाक्यांना जागाच उरली नव्हती. तिला ते 'बिचारी' म्हणत आणि तिच्या दुलईत जास्त कापूस भरत.

तबकड्यांच्या जोडीला एक पत्र्याचा डबा होता. त्यात बोथट झालेल्या सुया, कुणाच्या तरी पायातलं एकच घुंगरू, तबल्याची फाटकी पुडी आणि हैदराबादच्या एका मैफलीत कानात ठेवलेला अत्तराचा फाया. हा फाया ते पाहुण्याच्या नाकाशी धरत. "येतो का वास?" वास येई तो निव्वळ कापसाचा आणि डब्यात घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. मी भिडेखातर "येतो" म्हणालो. "कशाचा?" आता आली पंचाईत. मी "गुलाबाचा" म्हणून ठोकून दिलं. "हिना व्हतं," चाचा खिन्नपणे म्हणाले आणि डबा बंद केला. पुढच्या खेपेला मी आपणहून "हिना" म्हणालो, तेव्हा मात्र खूष झाले. "आता नाक तयार झालं तुमचं!"

वैशाखात उमरग्याचं ऊन असं की पत्र्यावर पाणी टाकलं तर चुर्र व्हावं. "लाखंची चीज हाय, पापडावानी मुरडती," म्हणून त्या दिवसांत तबकड्या गाद्यांसकट पेटीत जात आणि पेटी रांजणाच्या शेजारी सावलीत, भोवती ओलं पोतं. पोतं वाळलं की चाचा आपल्या वाटचं पाणी त्याच्यावर शिंपडत आणि स्वतः डोक्याला पंचा गुंडाळून दारात बसत.

या अकरांत पहिला मान नगीनाबाई कल्याणीवालीच्या तबकडीचा. कल्याणी आमच्यापासून जवळच, म्हणून उमरगेकर या बाईंना आपल्याच समजत. तिच्या गादीला टाके फक्त दोन. ही तबकडी हैदराबादेत भरली तेव्हा चाचा तिथं हजर होते, आणि ती हकीकत सांगताना त्यांचा घोगरा आवाजही थोडा मोकळा होई. कंपनीच्या साहेबानं त्या कामासाठी एका हवेलीतली खोली घेतली होती, पण खोली घुमायला लागली. मग भिंतींना रजया लावायच्या ठरल्या. रजया भरायला पिंजारी हवा, म्हणून चाचांना बोलावणं गेलं.

"म्हंजे गानं बाईंचं, पन भिंती आमच्या," चाचा म्हणत.

बाईंनी चीज संपवली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शेवटी स्वतःचं नाव सांगितलं, आणि यंत्र थांबायच्या आत कोपऱ्यातून कुणीतरी मोठ्यानं "वाह!" म्हणालं. ती वाह यंत्रावरच्या मेणाच्या तबकडीत उतरली. साहेब लालबुंद झाला. पण बाई म्हणाल्या, राहू द्या, एवढी खरी दाद पुन्हा कुठून आणू?

"ती वाह आपली," चाचा छातीवर हात ठेवून सांगत.

समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या शिवलिंगप्पाकडं फोनो होता. तो चाचांचा लहानपणचा दोस्त. घरी कानडी, गल्ल्यावर मराठी आणि चाचांना चिडवताना दोन्ही. "दस्तगीरा, आन ती प्लेट. एकदा तुझी वाह ऐकू दे."

"नक्को."

"म्हंजे वाह इल्ला! न्हायच त्यात."

"हाय. पन झिजंल."

इतक्यावर सगळे हसत आणि उठून जात. चाचाही हसत. मला मात्र त्या वाहचा फार अभिमान होता. बड्याबड्या शहरांतल्या माणसांचं नाव कुठल्या तबकडीत नसेल, पण आमच्या उमरग्याच्या पिंजाऱ्याचा आवाज आहे! मोटारीतून उतरलेल्या कुणाच्या हातात पेटी-तबला दिसला की मी जाऊन ही हकीकत सांगायचो आणि विचारायचो, ती वाह तुम्ही ऐकली आहे का? आणि याच माझ्या अभिमानानं घोटाळा केला.

एके दिवशी हैदराबादकडून आलेली मोटार हॉटेलापुढं थांबली. एक म्हातारे तबलजी चहाला उतरले. चाचा कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. मी आपला नेहमीप्रमाणे पुढं सरसावलो. तबलजींनी नगीनाबाईंचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी साथीला तेच होते!

"वो वाह? वो तो कोई छोकरा था जी. गादीवालों के साथ आया था. गला फाड के चिल्लाया. अच्छी खासी प्लेट बिगाड दी नालायक ने."

मोटारीचा भोंगा वाजला आणि ते गेले. हॉटेलात हशा पिकला. शिवलिंगप्पा ओरडला, "दस्तगीरा, तवा तू छोकरा व्हतास काय रे?" मलाही हसू आवरेना. आणि वर चाचांची बाजू सावरायची म्हणून मी म्हणालो, "असेल कुणीतरी गावंढळ पोरगं. जाऊ द्या, चाचा."

चाचांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. ते उठून गेले.

तीन दिवस पिंजण वाजलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी दाराशी गेलो. आतून आवाज आला, "तात तुटलीया, मास्तर." तात शाबूत होती, पिंजण खुंटीला टांगलेलं मला दारातून दिसत होतं. मी परत फिरलो.

चौथा दिवस बाजाराचा. भर दुपारी हॉटेल गच्च भरलेलं असताना चाचा आले. अंगात धुतलेली पैरण, डोक्यावर ईदची टोपी आणि दोन्ही हातांवर नगीनाबाईंची गादी. "शिवलिंगा, चावी पुरी भर," म्हणाले, आणि कापसात गुंडाळून आणलेली नवी कोरी सुई त्यांनी त्याच्या हातात दिली. शिवलिंगप्पाला थट्टा सुचली नाही. त्यानं मुकाट्यानं चावी भरली.

बाईंचा आवाज आला आणि बैलांच्या घुंगरांसकट सगळा बाजार गप्प झाल्यासारखा मला वाटला. मी तोवर कित्येक तबकड्या ऐकल्या होत्या, पण इतकी स्वच्छ, इतकी न झिजलेली एकही नाही. चाचांनी खरोखरच गाणं सांभाळलं होतं. चीज संपली. बाईंनी नाव सांगितलं. आणि मग, "वाह!"

कोवळा, मोकळा, भरघोस आवाज. ज्याच्या छातीत अजून कापसाचा धुरळा गेलेला नाही असा. तो चाचांचा नव्हता, हे हॉटेलातल्या प्रत्येकाला कळलं.

"ही माझ्या लालूची," चाचा म्हणाले. "धाकटा भाऊ. एकोनीस वर्साचा व्हता. मी रजया लावत व्हतो, त्यो कोपऱ्यात बसून ऐकत व्हता. परत आलो आन् दोन म्हैन्यांत पटकीच्या साथीत गेला. प्लेट दुकानात आलीच न्हवती. त्यानं सोताची वाह ऐकली न्हाय. फोटू न्हाय त्याचा, काय न्हाय. एवढीच हाय."

शिवलिंगप्पा खाली मान घालून उभा होता. लालू त्याच्याही अंगाखांद्यावर खेळलेला.

"पैली सुई सोलापुरात दुकानदारानं लावली, मी घ्याया गेलो तवा," चाचा म्हणाले. "दुसरी अम्माच्या कानासाठी. ही तिसरी."

"पण चाचा," मी विचारलं, "तुमची म्हणून का सांगत होता?"

"बढाई मारली की मानसं हसत्यात आन् उठून जात्यात, मास्तर. मेलेल्याचं नाव काढलं की जवळ बसत्यात. म्हनत्यात, एकदा ऐकवा. तवा कुना कुनाला न्हाय म्हनू? लालू झिजून गेला असता." त्यांनी गादीवरून हात फिरवला. "मला खोटा म्हनले त्याचं काय न्हाय. पन त्याला नालायक म्हनले. तुमीबी हसलात. म्हटलं, आता ऐकाच. सांगा, बिगडली का प्लेट?"

मला फार लाज वाटली. शिवलिंगप्पाच बोलला. "इल्ला, दस्तगीरा. त्या वाहनंच तर गानं पुरं व्हतंय."

चाचांनी टोपीच्या कडेला खोचलेली शिवणाची सुई काढली, दोरा ओवला आणि तिथंच उभ्या उभ्या गादीच्या कोपऱ्यात तिसरा टाका घातला. तेवढ्यात मागून बाजारकऱ्यांतला कुणी उशिरा आलेला गडी पुढं घुसला. "काय हाय? काय हाय? आमालाबी ऐकवा की!"

"झिजतंय ते!" शिवलिंगप्पा त्याच्यावर असा खेकसला की तो दोन पावलं मागं गेला.

त्या दिवसापासून ती वाह साऱ्या गावाची झाली. मोटारीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना शिवलिंगप्पाच सांगू लागला, "नगीनाबाईंच्या प्लेटीत आमच्या लालूची वाह हाय." पाहुणा ऐकव म्हणाला की त्याच्यापुढं फुकटचा चहा ठेवी, पण चाचांच्या दाराकडं बोट दाखवत नसे. आणि मी, जो सगळ्यांत जास्त फुशारक्या मारायचो, तो आता नुसता शेजारी उभा राहून मान डोलवायचो. उमरग्याचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडं पिंजण सुरू झालं. तात अगदी सुरात लागली होती. मी चूळ भरत होतो. काय वाटलं कुणास ठाऊक, भिंतीकडं तोंड करून मी छाती भरून म्हणालो, "वाह!"

पिंजण थांबलं. चाचांना दुखावलं की काय, म्हणून मी घाबरलो. मग पलीकडून घोगरा, हलका आवाज आला.

"आनखी एकदा म्हना, मास्तर."