कालिंदीबाईंचं उटणं क्वालालंपूरला जातं

"आज बारा वाजेपर्यंत मलेशिया आपल्या मुठीत!" कालिंदीबाईंनी सकाळी सातलाच जाहीर करून टाकलं. समोर नवरा, नीळकंठराव. वनखात्यातून निवृत्त, आयुष्यभर सागवानाचे ओंडके मोजलेले. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "हौ" म्हटलं. तेवढंच!

पण बाईंचा तोरा पोकळ नव्हता. मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात बावीस वर्षं त्यांचं ब्युटी पार्लर. चिन्नोर तांदळाचं पीठ, मसूर, संत्र्याची साल, हळद आणि कडुलिंब असं त्यांचं उटणं लावल्याशिवाय त्यांच्या मोहल्ल्यातली नवरी मांडवात पाऊल ठेवत नसे. आता त्या उटण्याला 'चिन्नोर रूप' हे नाव मिळालं होतं आणि गुलाबी पाकीटही. भाची ऋता नवऱ्याच्या नोकरीपायी क्वालालंपूरला राहत होती. तिथल्या रोझिता मॅडमच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात तिने चाळीस पाकिटं पोचवली होती. आज त्या दुकानात चाळीस बायका जमणार, मोठ्या पडद्यावर कालिंदीबाई झळकणार, इथे त्या एका मुलीच्या चेहऱ्याला उटणं लावणार आणि तिथे बायका आपापल्या चेहऱ्याला! पसंत पडलं तर पाचशे पाकिटांची ऑर्डर. सुरुवात साडेअकराला.

सकाळपासून बाईंच्या पायाला भिंगरी. सोफा खिडकीकडे ओढला, तर तोंडावर ऊन. दाराकडे ओढला, तर मागे भिंतीचा पोपडा. पोपड्यावर कॅलेंडर टांगलं, तर कॅलेंडरवर खताच्या पोत्याचं चित्र! साडी तीनदा बदलली. नेट येतं का बघायला ऋताला नऊ वेळा फोन केला. शेवटी ऋताच म्हणाली, "आत्या, नेट ठीक है. तू ठीक आहेस ना?"

"अवं, बस ना जराशी," नीळकंठराव म्हणाले. "फरशी घासून राह्यली तुह्या पायानं."

"बसली का साडी चुरगळते!"

साडेदहाला वारासिवनीहून खुशीचा फोन. खुशी म्हणजे ज्या मुलीच्या चेहऱ्यावर उटणं लावायचं ठरलं होतं ती.

"काकी, मी नाही येत. नाकावर फोडा आला. टमाटराएवढा!"

बाई मटकन सोफ्यावर बसल्या आणि साडी आठवून लगेच उठल्या. आता तासाभरात चेहरा कुठून आणायचा? त्यांची नजर घरभर फिरली आणि पेपराच्या मागे स्थिरावली.

"नाही," पेपर म्हणाला.

"मी काही बोललीच नाही अजून!"

"तू पाहून राह्यली ना. म्हणून नाही."

पण छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा 'नाही' पंधरा मिनिटांवर कधी टिकला नव्हता. तो याही वेळी टिकला नाही. सव्वाअकराला नीळकंठराव सोफ्यावर आडवे होते, गळ्याला टॉवेल, झुपकेदार मिशीला क्लिपा आणि डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या.

इकडे स्वयंपाकघरात मोर्चा होता नणंदबाईंचा. शांताबाई कालच तिरोडीहून आल्या होत्या. मलेशिया जिंकल्यावर शेजारीपाजारी जमणार, तर त्यांना भजे पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. बालाघाटच्या तिखटावर त्यांचा काडीचा विश्वास नसल्यामुळे बेसनाला तिखट, मीठ, ओवा लावून त्यांनी डबा घरूनच भरून आणला होता. ओट्यावर त्यांचा डबा, त्याच्या शेजारी बाईंचा उटण्याचा डबा. दोन्ही स्टीलचे, दोन्ही एकाच लग्नात आहेर मिळालेले, दोन्हींवर कोरलेली नावंसुद्धा त्याच नवरा-नवरीची! बाईंनी धांदलीत एक उचलला. उरलेला शांताबाईंनी उचलला.

बरोबर साडेअकराला पडद्यावर ऋता आली. मागे गोऱ्यापान रोझिता मॅडम, त्यांच्या मागे चाळीस हसऱ्या बायका. बाईंनी हात जोडले. पीठ दह्यात कालवलं. रंग पिवळसर, अगदी ठीक. ओव्याचा वास आला खरा, पण तो स्वयंपाकघरातून येत असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी ब्रश बुडवला आणि नीळकंठरावांना भिंतीसारखं रंगवून काढलं. तिथे बायकांनीही आपापली पाकिटं फोडून तोंडं माखली.

"ऋता, सांग त्याईले! दोन मिनिटांत चेहऱ्याले थंडगार वाटते!"

ऋताने सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. नीळकंठरावांची उजवी नाकपुडी थरथरली. मग डावी. मग दोन्ही पाय.

"कालिंदी..."

"हलू नका!"

"कालिंदी, आग!"

"गप्प राहा ना! पाहून राह्यल्या सगळ्या!"

"आग! आग लागली वं!"

ते उसळले. एक चकती पंख्याला लागली, दुसरी कपाळाला चिकटून बसली. टॉवेलसकट ते घरभर धावू लागले. "आग" ऐकून शेजारचे बाबूलाल बादली घेऊन धावत आले आणि अर्धी बादली नीळकंठरावांवर, अर्धी कालिंदीबाईंवर ओतून "कुठं आहे? कुठं आहे?" विचारू लागले!

क्वालालंपुरात हाहाकार! समोर एक माणूस टमाटरासारखा लाल होऊन नाचतोय आणि तेच उटणं आपल्या तोंडावर! चाळीस बायका किंचाळत उठल्या. दुकानात बेसिन एकच. त्यावर अशी झुंबड उडाली की एका बाईने दुसरीचंच तोंड धुतलं.

"आत्या!" ऋता रडकुंडीला आली. "मॅडम बोल रही है, पाकिटं परत न्या! काय टाकलं तू यात?"

बाईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. बावीस वर्षांचं नाव चाळीस बायकांसमोर एका बेसिनमध्ये वाहून चाललं होतं!

तेवढ्यात शांताबाई गरम भज्यांची ताटली घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर.

"कालिंदी, हे भजे असे कडू काहून लागून राह्यले वं? अन् संत्र्यावानी वास येते!"

बाईंनी ताटलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग बोट वाडग्यात बुडवून चाटलं. तिखट! तिरोडीचं, अस्सल!

"ऋता! त्याईले थांबव! मी यांच्या तोंडाले भज्याचं पीठ लावलं! माह्यं उटणं तं हे इथं तळलं हाय!"

ऋताने सांगितलं. कोणाचाच विश्वास बसेना. रोझिता मॅडमनी हाताची घडी घातली. तेव्हा कालिंदीबाईंनी पदर खोचला आणि ताटलीतलं भजं उचललं.

"माह्या उटण्यात जे हाय ते सगळं सैपाकघरातलं हाय. पाहून घ्या म्हणा!"

पहिलं भजं खाल्लं. कडुलिंबाने तोंड कडूजहर झालं, पण चेहरा हसरा. दुसरं. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. चौथं त्यांनी चावलंच नाही, गिळलं आणि त्यानंतर हात जोडून स्वच्छ हसून दाखवलं.

तिकडे दुकानात मग बेसिनपाशी एकीने आपला धुतलेला गाल चाचपला. शेजारणीचा चाचपला. आरसा मागितला. कोणीतरी काहीतरी बोललं आणि चाळीसच्या चाळीस खो खो हसू लागल्या.

"आत्या, त्यांचे गाल एकदम सॉफ्ट झालेत म्हणे," ऋता ओरडली. "मॅडम पाचशे पाकिटं घेताहेत! फक्त एक विचारतात, फूफाजींचा आत्ताचा फोटो वापरला तर चालेल का?"

ताकाने तोंड धूत बसलेल्या नीळकंठरावांनी कशाला तरी "हौ" म्हटलं.

आठ दिवसांनी ऋताने दुकानाबाहेर लावलेल्या पोस्टरचा फोटो पाठवला. उजवीकडे विशीची एक देखणी मलय मुलगी. खाली तिथल्या भाषेत 'वापरल्यानंतर'. डावीकडे नीळकंठराव: लालबुंद, मिशीला क्लिपा, कपाळाला काकडी. खाली 'वापरण्यापूर्वी'.

बाईंनी दोन दिवस फोन पदराआड लपवला. तिसऱ्या दिवशी तो नवऱ्याच्या हाती लागलाच. नीळकंठरावांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला. बाई फोन घ्यायला पुढे झाल्या.

नीळकंठरावांनी तो फोटो आपल्या फोनवर घेऊन पेन्शनरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुक्काम क्वालालंपूर. डावीकडचा मी.'