जळाली डीपी आणि पल्लवीची झोप

हेमलता झोपे हिने पोर पोटात असतानाच घरात जाहीर करून टाकलं होतं, "माझं मूल शास्त्रीय पद्धतीनं वाढणार!"

बी.एस्सी. होती ती, वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गात! रोपाला ऊन किती, पाणी किती हे जिला तोंडपाठ, तिला एवढंसं पोर वाढवणं काय जड? पुण्याहून पुस्तक मागवून झालं. दोनशे पानी वही आखून झाली: दूध किती वाजता, ढेकर किती वाजता, शी कुठल्या रंगाची. आणि पुस्तकाच्या बाविसाव्या पानावरचं चौकटीतलं वाक्य तिने लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलं: बाळाच्या वाढीसाठी झोप, आणि झोपेसाठी संपूर्ण शांतता.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, भडगावला झालं. दिवाळीत पल्लवी जन्मली, आणि संक्रांत करून हेमलता तीन महिन्यांची पोर घेऊन जळगावला, पिंप्राळ्याच्या सासरी आली. आल्या दिवशीच तिने घर ताब्यात घेतलं. दारावरची बेल काढली. बिजागऱ्यांना तेल घातलं. कुकरच्या शिट्टीवर बंदी. डाळ पातेल्यात शिजवायची. सासरे शालिग्रामआबा एरवी खोकले तर गल्लीच्या टोकाला कळायचं, ते आता अंगणात जाऊन तोंडाशी उपरणं धरून खोकू लागले. नवरा लीलाधर पाटबंधारे खात्यात कारकून. गप्प बसायची त्याला सवय होतीच.

घर असं शांत झालं, की पाल चुकचुकली तरी माणसाने दचकावं!

आणि पल्लवी रडायला लागली.

साधंसुधं रडणं नव्हे. दहा मिनिटं डोळा लागायचा, की पुन्हा भोंगा! ग्राइप वॉटर झालं, ओव्याचा शेक झाला, दोन डॉक्टर झाले. "पोरगी ठणठणीत आहे," दोघेही म्हणाले, "तुम्हीच जरा टॉनिक घ्या." झोपे आडनावाच्या घरात झोप नाही, असा विनोद लीलाधरने एकदा केला. पुन्हा केला नाही.

सासू बेबाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या. "तुह्या त्या वहीचीच नजर लागली असंन पोरीले!"

"आत्याबाई, विज्ञानात नजर नसते हो."

"मंग झोप कुठी गेली तुह्या विज्ञानातली?"

बाविसावं पान पुन्हा एकदा वाचून झालं. हेमलताने उत्तर म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद केली. पल्लवीने आवाज आणखी एक पट्टी वर नेला.

अशा घरात एका शनिवारी धाकटा दीर चुडामण सामान घेऊन शिरला. चुडामण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे चार विषय काखेत मारून.

"वहिनी, आम्ही बँड काढला!"

"लग्नाचा?"

"छे! हार्डकोअर पंक. त्यातही प्रयोगशील."

बँडचं नाव 'जळाली डीपी'. डीपी म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरची ती विजेची पेटी. दर उन्हाळ्यात ती जळते, धडाड् आवाज होतो, ठिणग्या उडतात आणि अख्खी गल्ली बाहेर येऊन शिव्या देते. "आपलं संगीत अगदी तसंच पाहिजे," चुडामण म्हणाला.

आणि ते अगदी तसंच होतं!

बँडमध्ये तिघं. चुडामण ओरडायला. गिटारला फैजपूरचा जीवराम, केळीवाल्या घरचा. त्याच्या गिटारला सहापैकी चारच तारा होत्या, पण उरलेल्या दोन लावल्या तर संगीत गुळगुळीत होईल असं त्याचं म्हणणं. तिसरा इसाक. इसाककडे ड्रम नव्हते. त्याचे वडील जहांगीरचाचा त्याच रस्त्याला पत्र्याच्या पेट्या बनवायचे, म्हणून त्याने दुकानातून तीन पेट्या उचलून आणल्या. एक लहान, एक मोठी आणि एक नवरीची, गुलाबाची फुलं काढलेली.

शिवाय एक फवारणी पंप! त्याचीही कथा आहे. होस्टेलातल्या एका गोव्याच्या मुलाने चुडामणला ज्या कॅसेटने हा नाद लावला, ती कॉपीची कॉपी करत सातव्या पिढीची होती. गाण्यामागे सतत 'स्स्स्स' अशी खरखर. या तिघा विद्वानांनी ती खरखर संगीताचा गाभा मानली! म्हणून जीवराम केळीवर औषध मारायचा पंप पाण्याने भरून पाठीला लावायचा आणि गाण्याच्या ऐन भरात फवारायचा. मागच्या खोलीतली गादी तीन दिवस वाळली नाही.

हेमलताला हे सगळं कळलं ते उशिरा. त्या क्षणी एवढंच कळलं, की मागच्या खोलीत काहीतरी खणखणतंय. रडून लालबुंद झालेली पल्लवी खांद्यावर टाकून ती तरातरा गेली.

"भाऊजी! हे आत्ताच्या आत्ता..."

"वन टू थ्री फोर!" चुडामण ओरडला.

गाण्याचं नाव 'एटीकेटी'. शब्दही तेवढाच. बोअरच्या पंपात वाळू गेली, पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला आणि त्याच वेळी कुणी बैलगाडीभर घमेली जिन्यावरून सोडली, तर जे होईल ते अडतीस सेकंद झालं. मग एकदम थांबलं. छतातून थोडा चुना पडला.

"चाल कुठंय याला?" हेमलताच्या तोंडून कसंबसं निघालं.

"चाल मुद्दाम मोडलीय, वहिनी."

"मग दुरुस्त करा ना! लोक मोडलेल्या गोष्टी दुरुस्त करतात, वाजवत नाहीत! पोर घरात आहे, तुम्हाला काही..."

बोलता बोलता ती थांबली. खांद्यावरचं ओझं जड लागत होतं. तिने मान वळवून पाहिलं. पल्लवी झोपली होती. तोंड उघडं, लाळ ओघळलेली, हात लोंबकळलेला! आठवड्याभरात पहिल्यांदा!

"झोपली," हेमलता पुटपुटली.

"झोपली?" चुडामणचा चेहरा पडला. "वहिनी, हे गाणं समाजाला जागं करायला आहे!"

दोन तास! दोन तास दहा मिनिटं झोपली पल्लवी. त्या दोन तासांत हेमलता जेवली, न्हाली आणि उंबऱ्यात बसून उगाचच थोडं रडली. मग डोळे पुसून तिने वही काढली. शास्त्र म्हणजे शास्त्र! पुढच्या चार दिवसांत नोंदी झाल्या: 'एटीकेटी', झोप दोन तास. 'मीटर रीडिंग', झोप दीड तास. 'सप्लाय गेला', निरुपयोगी. कारण त्यात शेवटी बारा सेकंदांची शांतता होती. चुडामणच्या मते ती शांतता हा बँडचा सर्वांत धाडसी प्रयोग होता. पल्लवीने तो किंचाळून हाणून पाडला.

कोडं सोडवलं बेबाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता.

"अवं हेमा, तुह्या माहेरच्या भिंतीले जिनिंग लागून हाये ना?"

हेमलता गारठली. होतीच की! भडगावच्या घराची मागची भिंत आणि कापसाच्या जिनिंगची भिंत एकच. दिवाळीपासून हंगाम, दोन पाळ्या, पत्र्याचं छप्पर. खडखडाट असा, की जेवताना भाजी खुणेने मागायची. पोरीने डोळे उघडले ते त्या खडखडाटात. तिच्या लेखी ते अंगाईगीत! आणि आईने तिला आणून ठेवलं ते घड्याळ बंद केलेल्या घरात.

"मंग भेवनार नाही तं काय पोर?" बेबाबाई म्हणाल्या. "तिले वाटलं असंन, जग बंद पडलं!"

पुण्याच्या पुस्तकात भडगावचा उल्लेख नव्हता.

आता घरात वेळापत्रक लागलं. सकाळी दहा, दुपारी एक, साडेचार. त्या वेळी बँड हजर पाहिजे! हीच हेमलता, जी दोन वर्षं दिराच्या मागे अभ्यासाचा धोशा लावून होती, ती आता फाटकात उभी राहून म्हणायची, "भाऊजी, एक लेक्चर बुडालं तर काय आकाश कोसळतं का?" तिचं तिलाच ऐकवत नसे. पण मान दुखत होती, पाठ दुखत होती आणि 'मीटर रीडिंग' ऐकलं की निदान दीड तास काही दुखत नव्हतं.

शेजारचे उखर्डूनाना, निवृत्त हेडमास्तर, काठी आपटत आले. "सूनबाई, हा काय तमाशा? कानात कापूस घालूनही ऐकू येतं!"

एरवी हेमलता नानांच्या पुढे पदर सावरून उभी राहिली असती. पण आत पल्लवीला नुकताच डोळा लागला होता.

"नाना, ही प्रयोगशील कला आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चाल मुद्दाम मोडलीय."

नानांनी काठी उचलली. जाताना बेबाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "सुनेला काही दिवस माहेरी पाठवा."

तशात मार्चमध्ये चुडामण नाचत आला. धुळ्याच्या एका कॉलेजात स्पर्धा होती, आणि 'जळाली डीपी'ला बोलावणं होतं! सकाळी जायचं, रात्री यायचं.

"आणि दुपारी एकची पाळी?" हेमलता किंचाळली.

चुडामणने टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरून दिली. हेमलताने लगेच चाचणी घेतली. पल्लवीने कॅसेटमधलं 'एटीकेटी' तीन सेकंद ऐकलं, आईकडे असं बघितलं की फसवतेस का मला, आणि गळा काढला. पत्रा तो पत्राच!

दुसरा मार्गच नव्हता. "धुळ्याच्या झुंबरआत्यांना पोर दाखवून आणते," असं आबांना सांगून, जीवरामच्या काकांच्या केळी वाहायच्या मॅटॅडोरमध्ये, तीन पेट्या, एक पंप आणि बदलायचे बारा लंगोट घेऊन हेमलता झोपे बँडबरोबर दौऱ्यावर निघाली! बी.एस्सी., पहिला वर्ग!

सभागृह गच्च भरलेलं. त्यांच्या आधी समूहगीत झालं, बासरी झाली. मग चुडामण माइकशी गेला. हेमलता पोरीला घेऊन स्टेजच्या कडेला, पडद्याआड.

'एटीकेटी' सुरू झालं आणि परीक्षकांनी पेनची टोपणं काढेपर्यंत संपलं. टाळी नाही, शिट्टी नाही. मागून एकच आवाज आला, "हाई काय शे रे भो?"

चुडामण घाबरला. घाबरला आणि नको तेच केलं: 'सप्लाय गेला' घेतलं. शेवटचे बारा सेकंद आले. तिघं हात वर करून पुतळ्यासारखे उभे. सातशे माणसं चूप. एक, दोन, तीन...

पल्लवी उठली!

असं रडली, असं रडली, की कडेच्या माइकने ते झेललं आणि अख्ख्या सभागृहावर ओतलं. लोक खुर्चीतून उडाले. आणि तिघं तसेच उभे! प्रयोग चालू होता ना!

दीड महिन्याचं जागरण हेमलताच्या डोक्यात चढलं. पोर कडेवर, पदर खोचलेला, ती स्टेजच्या मधोमध गेली आणि चुडामणच्या हातातला माइक ओढून ओरडली,

"अरे वाजवा ना मेल्यांनो! थांबलात कशाला! पोरगी उठली! दीड महिना मी झोपले नाही! ग्राइप वॉटर झालं! ओवा झाला! दोन डॉक्टर झाले! कुकर बंद! घड्याळ बंद! वाजवाऽऽऽ!"

इसाकने आज्ञा पाळली. नवरीच्या पेटीवर असा दणका घातला की गुलाबाची फुलं उडाली. जीवरामने चारही तारा झोडल्या आणि पंप सोडला. पहिली रांग भिजली. हेमलताला भान नव्हतं. "टॉनिक घ्या म्हणे! टॉनिऽऽक! नजर नसते विज्ञानात! नसतेऽऽ!" चुडामण मागून नुसता "वहिनी! वहिनी!" करत होता, तेही तालात बसलं!

संपलं तेव्हा पल्लवी कडेवर गाढ झोपली होती. आणि सभागृह उभं होतं.

"वन्स मोर! वन्स मोर, वहिनी!" धुळेकर ओरडत होते. मागचा तोच आवाज म्हणाला, "आते समजनं भो! बठ्ठं समजनं!" म्हणजे, सगळं समजलं!

प्रयोगशीलतेचं खास बक्षीस मिळालं: स्टीलचा चार पुडांचा डबा.

परतताना मॅटॅडोरमध्ये हेमलताने तिघांना शपथ घातली, घरी अवाक्षर काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलेलं: 'गायिका सौ. हेमलता झोपे व बालकलाकार'.

आबांनी पेपर शेवटपर्यंत वाचला. घडी घातली. चष्मा काढला.

"सूनबाई, झुंबरबाई बरी हाये ना?"

"हो आबा."

"गळा बरा हाये तुहा," असं म्हणून ते अंगणात खोकायला गेले. मग आठवलं तसे परत आले आणि घरातच, मोकळेपणाने, पोटभर खोकले. पल्लवी हूं की चूं न करता झोपून राहिली.

'जळाली डीपी'ची कारकीर्द त्या उन्हाळ्यातच संपली. अकरा गाणी, सगळी मिळून साडेसात मिनिटं, तीन महिने. चुडामणचे चाराचे सहा विषय झाले आणि आबांनी त्याला खोलीत कोंडलं. जीवरामचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी पहिली अट गिटारची घातली. इसाक वडिलांच्या हाताखाली पेट्याच बनवू लागला, या वेळी विकायला.

हेमलता धास्तावली. आता पोरीचं कसं होणार? पण पल्लवीला सातवा लागला, दात आला, आणि बयेने जणू भडगाव विसरूनच टाकलं. अंथरुणावर टाकली की झोप! शांततेत! पुस्तकातल्या बाविसाव्या पानाबरहुकूम!

आता दुपारी घर निवांत असतं. पल्लवी झोपलेली, सासू झोपलेली, आबा झोपलेले. आणि हेमलता टक्क जागी! या कुशीवर, त्या कुशीवर. एकदा हळूच रिकामा मिक्सर लावून पाहिला, तर पल्लवी दचकून उठली आणि सासूने कपाळाला हात लावला.

तेव्हापासून ती दुपारी जहांगीरचाचांच्या दुकानी जाते. पेटी बनवून घ्यायला. समोर इसाकची आई अमिनाबी ओट्यावर चटई टाकते, भिंतीला उशी लावते, काही विचारत नाही. चाचा आणि इसाक पत्रा ठोकायला घेतात आणि हेमलताची मान हळूहळू कलते.

घरात चार पेट्या झाल्यात. "इतक्या कायले वं?" बेबाबाईंनी विचारलं. "पल्लवीच्या लग्नाला," हेमलता म्हणाली. पल्लवी अजून रांगत नाही.

काल पाचवी सांगितली. "बेटी, ये तो दो घंटे में हो जाएगी," चाचा म्हणाले.

"घाई नाही, चाचा," चटईवर पाय पसरत हेमलता म्हणाली. "सावकाश ठोका. फक्त जोरात!"