ट्रेलरवरची व्हॅन आणि माझा बिल्ला

रस्ता सुरक्षेतलं मला सगळं कळतं! हे मी नाही, माझ्या छातीवरचा बिल्ला म्हणतो. अख्ख्या दहावीत शाळेने मला एकटीलाच दिलाय!

त्यामुळे शनिवारी पप्पांची शाळेची व्हॅन बदलापूरला बंद पडली, तेव्हा सूत्रं मीच हातात घेतली. दुपारी एकच्या आत, म्हणजे बंद व्हायच्या आधी, ती उल्हासनगर कॅम्प चारच्या गॅरेजात पोचायलाच हवी होती. नाहीतर सोमवारी पोरंही घरी आणि पप्पाही घरी!

सुयोगमामा पिकअपला ट्रेलर जोडून आला. व्हॅन ट्रेलरवर चढली. मी वही उघडली.

"मागे लाल फडकं! लाइट चालू! चारही चाकं पट्ट्यांनी बांधा!"

"पट्टे कुठून आणू?" मामाचा कॅम्प तीनला जीन्सचा कारखाना. त्याने जीन्सच्या कापडाच्या लांब पट्ट्या काढल्या. "हे बघ, एक नंबर माल!"

"टिकेल का रे?" पप्पा म्हणाले.

"दाजी, फाडून दाखवा!"

पप्पांनी ओढलं. मी ओढलं. शेजारच्या जनूकाकांनी तर दात लावले! नाही फाटलं. मी मंजुरी दिली. पिकअपमध्ये जागा दोघांचीच, म्हणून देखरेखीला मी व्हॅनमध्येच बसले. सीटबेल्ट लावून हं! नियम म्हणजे नियम!

अंबरनाथच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला कळलं, कापड स्ट्रेचचं होतं! फाटत नव्हतं, पण ताणलं जात होतं. व्हॅन पुढे, मागे, पुढे... वरातीतली घोडीच! मी खिडकीतून दोन्ही हात हलवून ओरडले, "थांबवा!" फुटपाथवरच्या मावशींनी निवडणुकीचा प्रचार समजून हसून हात जोडले. "कुठला वॉर्ड गं तुझा?" मामाने आरशात पाहिलं. पोरगी खूश आहे असं समजून त्याने वेग वाढवला!

नाक्यावर शिट्टी वाजली. हवालदार.

"साहेब, लाल फडकं आहे! लाइट आहे! मी बेल्टपण लावलाय!" मी बिल्ला पुढे केला.

त्यांनी आधी बिल्ला वाचला, मग मला. "ताई, ट्रेलरवरच्या गाडीत माणूस बसवत नाहीत. हा पहिला नियम. उतरा."

वहीत पहिल्या पानावर मी माझं नाव रंगवलं होतं. नियम दुसऱ्यापासून!

हवालदारांनी एका टेम्पोवाल्याकडून खरे पट्टे मिळवून दिले. व्हॅन एकला पाच कमी असताना गॅरेजात पोचली.

मी? शेअर रिक्षाने. मागे तिघं आधीच बसलेले, म्हणून ड्रायव्हरशेजारी, अर्धी आत, अर्धी बाहेर. बिल्ला खिशात ठेवला होता. उगाच कुणी वाचायला नको!